खर्ड्याच्या घराची मापं

श्रीरामपूर
१२ नोव्हेंबर २०२४

रेश्मा,

फोनवर तू रडतेस, मी आवाज चढवतो, आणि मग आमचे मेव्हणे काकासाहेब फोन हातात घेऊन "पाव्हणं, नंतर बोलू" म्हणतात. म्हणून हे पत्र. पत्रात मला कोणी मधेच तोडत नाही आणि तुलाही दोनदा वाचता येतं.

पहिली गोष्ट. तू हेलनबाईंना परस्पर ईमेल केलास. काकासाहेबांच्या पुतणीकडून, पूजाकडून लिहून घेतलास ते कळलंच. पण तो मराठीत होता. वेल्समधल्या त्या बाईंना मराठी येत नाही. या बालगृहाचा इंग्रजी पत्रव्यवहार पहिल्यापासून मीच बघतो, तेव्हा त्यांनी तो भाषांतरासाठी माझ्याकडेच पाठवला. "माझा सख्खा भाऊ तिथे कामाला आहे आणि तोच मला माझ्या मुलीला भेटू देत नाही." हे वाक्य मी स्वतःच्या हाताने इंग्रजीत केलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. मी शाळेत आठवीपर्यंतच गेलो असेन, पण माझ्या भाषांतराला आजवर कोणी बोट लावलेलं नाही.

आता तुला अर्धवट माहीत असलेली गोष्ट पूर्ण सांगतो. हेलनबाईंची संस्था म्हणजे फार मोठं काही नाही. एका लहान गावातलं जुन्या वस्तूंचं दुकान. लोक वापरलेले कोट, कपबशा, पुस्तकं आणून देतात, गावातल्या म्हाताऱ्या बाया पाळीपाळीने ते विकतात, आणि त्यावर इथली आपली पोरं दूध पितात, माझ्या खुर्च्यांच्या वर्कशॉपला फोम आणि प्लास्टर मिळतं. आता त्यांचं असं ठरलंय, की मूल संस्थेत वाढू नये, घरात वाढावं. ज्याचं कोणी आहे त्याला त्याच्या माणसांत न्यायचं आणि मदत त्या घराला द्यायची. ज्याचं कोणीच नाही तेवढीच मुलं इथे राहतील. विचार वाईट आहे असं मी म्हणत नाही. वेल्समध्ये बसून करायला सोपा आहे, एवढंच म्हणतो.

तू त्याच आठवड्यात ईमेल केलास. त्यांचा हा निर्णय पूजाने मोबाईलवर वाचला असणार.

तू आई आहेस, ते कोण नाकारतंय? पण ज्ञानेश्वरी अकरा वर्षांची आहे आणि तिला मान सावरत नाही. सेरेब्रल पाल्सी म्हणजे काय हे डॉक्टर तुला पाच मिनिटांत सांगतील. मी आठ वर्षं, ती इथे आल्यापासून, रोज बघतो. दचकली की तिचं सगळं अंग धनुष्यासारखं ताठ होतं. घास चुकला की श्वासनलिकेत जातो. तिची खुर्ची मी तिच्या पाठीचा साचा घेऊन केली आहे. दुसरं कोणतंही मूल त्या खुर्चीत बसू शकत नाही आणि ती दुसऱ्या कशात बसू शकत नाही. नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी ती पाहून विचारलं होतं, "हे कुठे शिकलात?" मी म्हणालो, "इथेच."

भेटी मी बंद केल्या त्याचं कारण तुला सांगितलं होतं, पुन्हा लिहितो. तू भेटून गेलीस की ती जेवायची नाही. तोंड घट्ट मिटायची. ताप यायचा. मी तेव्हा जे पाहिलं त्यावरून निर्णय घेतला. त्यात राग नव्हता.

हेलनबाईंनी मलाच सांगितलंय, की प्रत्येक मुलाचं घर जाऊन बघा, मापं घ्या आणि राहण्याजोगं आहे का ते कळवा. तेव्हा मी खर्ड्याला येईन. भाऊ म्हणून नाही. जेवणाचं काही करू नकोस.

राधाकृष्ण

पत्त्यात आता अहिल्यानगर लिहीत जा. तुझ्या जुन्या पाकिटांवर अजून अहमदनगरच असतं.


श्रीरामपूर
३ डिसेंबर २०२४

रेश्मा,

काल परत पोचलो. जामखेडहून गाडी उशिरा मिळाली. तू बांधून दिलेल्या भाकरी मी घेतल्या, कारण नाही म्हटलं असतं तर तुझ्या सासूबाई बसथांब्यापर्यंत मागे आल्या असत्या.

घराची मापं लिहितो, म्हणजे पुढे वाद नको. पुढचं दार एकोणतीस इंच, खुर्ची चोवीस, म्हणजे आत येते. पण उंबरा पाच इंच उंच. उताराची फळी टाकायची तर ओट्यावर तेवढी लांबी नाही, ती रस्त्यात येईल. संडास अंगणापलीकडे, पायरी चढून. मोरीत तिला आडवं करून अंघोळ घालायला जागा नाही. या सगळ्यावर काही ना काही इलाज निघतो. गिरणीवर निघत नाही.

पिठाची गिरणी आणि तुमची मधली खोली यांच्यात एक भिंत, तीही विटेची, एकेरी. गिरणी सुरू झाली तेव्हा मी त्या भिंतीला हात लावून उभा होतो. ताटलीतला चमचा थरथरत होता. वाजलेल्या भांड्याने जी पोर ताठ होते तिला तुम्ही दिवसभर त्या भिंतीमागे ठेवणार? हे मी तिथे बोललो नाही, कारण काकासाहेब मनाने सरळ माणूस आहे आणि गिरणीवर त्याचं घर चालतं. पण लिहायला तर हवं.

रंगुबाईंशी झालेलं बोलणं तू चुलीपाशी होतीस म्हणून ऐकलं नसशील. मी टेप लावून चौकट मोजत होतो. त्या बाजेवरून म्हणाल्या,

"काय मापताय पाव्हणं? घर इकायचं न्हाई आमाला."

मी कारण सांगितलं. त्या हसल्या. "पोरीला घरात आणाया टेप कशाला लागतीया? उचलायची अन् आणायची."

मी म्हणालो, "रेश्माच्या या दुसऱ्या लग्नाच्या बोलणीत तुम्हीच म्हणाला होता, की पहिल्या घरची पोरगी नको. माझ्या समोर, श्रीगोंद्याच्या आमच्या घरात."

मला वाटलं होतं त्या गप्प बसतील. नाही बसल्या.

"म्हनले हुते. तवा माजे गुडघे धड हुते. मला वाटायचं, ज्याला आपलं आपन उठता येत न्हाई त्याचा काय उपेग. आता मलाच उठाया दोन मानसं लागत्यात. तुमची बहीन एका बाजूनं धरती, काक्या दुसऱ्या. मग कुनाचा उपेग अन् कुनाचा न्हाई, ते सांगा की मला. तुमी लई शिकलेलं."

मी म्हणालो, मी शिकलेला नाही, जे येतं ते माझं मी मिळवलंय. तर म्हणाल्या, "मग तर तुमाला कळाया पाहिजे."

बाई तोंडाने तिखट आहेत. पण एक गोष्ट त्यांच्याच बोलण्यातून निघाली आणि ती तुझ्या बाजूची नाही. तू एकटी. त्यांनाही तूच उचलायचं आणि ज्ञानेश्वरीलाही. रात्री तिला कूस बदलून द्यावी लागते. इथे केशरबाई त्याच कामाला आहे, दुसरं काही करत नाही. तुझी कंबर किती वर्षं टिकेल?

मी हेलनबाईंना लिहिणार आहे, की घर आज तरी योग्य नाही. खोटं लिहिता येत नाही. आणि तुम्हा सगळ्यांच्या मनात जे आहे तेही सांगून टाकतो. मुलं गेली तर वर्कशॉप बंद होईल, याचा माझ्या मताशी काहीही संबंध नाही.

राधाकृष्ण


श्रीरामपूर
२१ डिसेंबर २०२४

रेश्मा,

तुझं पत्र मिळालं. या वेळी तू स्वतः लिहिलंस, अक्षर ओळखलं. चारच ओळी आहेत, पण त्या मी इथे पुन्हा उतरवतो, कारण उत्तर देताना समोर असाव्यात.

"दादा, तुम्ही म्हणता मी भेटून गेले की ती जेवायची नाही. आई निघून गेल्यावर लेकरू जेवत नाही म्हणजे काय, हे तुम्हाला खरंच कळलं नाही का? मी घरी येऊन मीपण जेवत नव्हते. ते कोणी लिहून ठेवलं नाही."

उत्तर असं, की मूल कशामुळे जेवत नाही याची कारणं अनेक असतात. थंडी, दात, पोट साफ नसणं. मी त्या वेळी ही सगळी तपासली होती. आणखी एक तपासायचं राहिलं असेल तर मला ठाऊक नाही. यापेक्षा जास्त आज लिहीत नाही.

हेलनबाईंचंही उत्तर आलं. माझा अहवाल त्यांना "फार काळजीपूर्वक" वाटला. आणि इतकं म्हणून त्यांनी त्याच्या उलट ठरवलं. जानेवारी महिनाभर ज्ञानेश्वरीला तुझ्याकडे पाठवून बघायचं. बालकल्याण समितीची परवानगी मिळाली आहे. संक्रांत तुमच्याकडे होईल. महिना संपला की मी न्यायला येईन, तिला तपासेन, आणि शेवटचं मत माझं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. "तुमच्याइतकं तिला कोणी ओळखत नाही." हे त्यांचं वाक्य, माझं नव्हे.

हे केशरबाईला वाचून दाखवत होतो तेव्हा मनवा जवळच होती. चौदा वर्षांची आहे, स्वतःची चाकाची खुर्ची स्वतः पळवते, जीभही तशीच पळते. तिला घेऊन जायला या जगात कोणी नाही आणि ते तिला पक्कं माहीत आहे. म्हणाली, "सर, माझ्या घराची मापं कधी घेणार?" केशरबाई तिला ओरडली. मी पुढे वाचत राहिलो.

आता नीट वाच. खुर्ची मी सोबत पाठवतो. सकाळी आणि संध्याकाळी तिला खुर्चीतच बसवायचं, पट्टा छातीवर, फार सैल नाही. घास भरवताना मान किंचित पुढे झुकलेली हवी. मागे कललेली मान म्हणजे धोका, हे तुझ्या सासूबाईंनाही सांग. पातळ काही द्यायचं नाही, खिरीसारखं घट्ट. तिच्या हातात खायला काहीही द्यायचं नाही. तिला तोंडापर्यंत हात नेता येत नाही, मध्येच झटका येतो. गिरणी चालू असेल तेव्हा तिला गिरणीपासून सगळ्यांत लांबच्या खोलीत ठेवायचं.

एखादा नियम मोडला तर लपवू नकोस. मला अंगावरून कळेल.

राधाकृष्ण


श्रीरामपूर
२ फेब्रुवारी २०२५

रेश्मा,

शुक्रवारी तुझ्या दारातून मी ज्ञानेश्वरीला उचलून गाडीत ठेवलं, तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. तिचे कपडे घड्या करून पिशवीत भरत होतीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. सासूबाई बोलल्या तेवढं पुरे झालं म्हणा.

मी का उचललं ते लिहितो, म्हणजे गैरसमज नको.

गाडी देवळापाशी ठेवून मी चालत आलो, मागच्या अंगणातून. तुम्हाला कुणाला कळलं नाही. मधल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. गिरणी जोरात चालू होती. आणि त्याच भिंतीला दळणाची पोती टेकवून, दोन ज्वारीची पोती पाठीला आणि एक अर्धं पोतं मांडीखाली, त्यांच्यात ज्ञानेश्वरी बसवलेली. पट्टा नाही. खुर्ची कोपऱ्यात. रंगुबाई समोर पाय पसरून बसलेल्या, आणि ज्ञानेश्वरीच्या मुठीत भाकरीचा तुकडा, दुधात भिजवलेला. ती तो तोंडाकडे नेत होती. अर्धा गालावर सांडला. अर्धा आत गेला. रंगुबाई म्हणत होत्या, "आगं सांडू दे की. सांडल्यालं कोंबड्या खात्यात. ने, ने वर."

 मग मी ओरडलो, ते चुकीचं होतं. ती दचकली. त्यातच वीज गेली, गिरणी बंद पडली, आणि ती रडायला लागली.

रंगुबाई म्हणाल्या, "तुमी आलासा म्हनून न्हाई रडत. गिरनी थांबली की रडती. भिंत हालत नाय ना मग."

मी म्हणालो, "तिला ठसका लागला असता. तुम्हाला कळतं का, जीव गेला असता."

"ठसका लागतो की. मलाबी लागतो."

"तिला विचारून भरवता का तुम्ही?"

"व्हय. वर बगती म्हंजे व्हय. डोळं मिटती म्हंजे न्हाई. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मी त्यांना सांगितलं, की डोळे वर जाणं हा स्नायूंचा दोष आहे, तो त्या आजारात असतोच. पुस्तकात आहे. त्या म्हणाल्या, "बरं." त्यांचं "बरं" तू रोज ऐकत असशील.

मग मी तिचं अंग तपासलं आणि डाव्या खुब्यावर लाल डाग सापडला. बोटाने दाबला तरी पांढरा होत नव्हता. म्हणजे दाबाची जखम सुरू होत होती. अशा जखमेतून मुलं दगावलेली मी पाहिली आहेत. त्या क्षणी मी ठरवलं. माझ्या जागी दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं. डागाचा फोटो काढला आहे. हेलनबाईंना अहवालासोबत पाठवायचा आहे.

रंगुबाई गाडीपर्यंत काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "मामा हाईस, मामाच ऱ्हा. मालक हू नगस." हे मी लिहून ठेवतो, कारण त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरीत बोलावलं.

ज्ञानेश्वरी ठीक आहे. जखमेला औषध चालू आहे.

राधाकृष्ण


श्रीरामपूर
६ फेब्रुवारी २०२५

रेश्मा,

आधी तिच्याबद्दल. ताप नाही. डाग फिकट झाला आहे. पण इथे आल्यापासून ती गिरणीच्या वेळेला भिंतीकडे मान वळवते. इथे भिंतीपलीकडे काही नाही, चिक्कूची झाडं आहेत.

काल मी खुर्ची दुरुस्तीला घेतली, म्हणजे अहवालात तिचाही उल्लेख करता येईल. फोम काढला, मापं घेतली. मग ज्ञानेश्वरीला आडवं करून तिची मापं घेतली. डाव्या बाजूची कड खुब्याच्या हाडावर येते, असं आढळलं. बरोबर डाग आहे तिथे. साचा आदल्या वर्षीच्या दिवाळीतला आहे. नंतर मूल वाढलं, नवा साचा घेतला गेला नव्हता. दर दिवाळीत घ्यायचा असतो. त्याच सुमारास हेलनबाईंचा निर्णय आला आणि वर्कशॉपचं पुढचं काही ठरत नव्हतं, तेव्हा ते राहिलं.

तू मात्र सांगितल्याप्रमाणे तिला सकाळ-संध्याकाळ खुर्चीत बसवत होतीस. पट्टा लावून. म्हणजे डाग पोत्यांनी पडलेला नाही.

हे मी दोनदा तपासलं. केशरबाईला टेप धरायला लावलं. ती म्हणाली, "सर, राहू द्या ना, कोण बघतंय." मी म्हणालो, मी बघतोय.

पोत्यांबद्दलही लिहायला हवं. मी पाठीचा आकार प्लास्टरमध्ये पकडतो. तो सुकतो आणि तिथेच थांबतो. ज्वारी थांबत नाही, मूल हलेल तशी ती हलते. भिंतीच्या थरथरीने तिच्या अंगाचा ताठरपणा सैल होत असावा. बंगळुरूच्या एका केंद्रात याच कामासाठी महागडं यंत्र वापरतात, असं मी वाचलं होतं. तुझ्या सासूबाईंना हे सांगू नकोस. किंवा सांग.

फोटो हेलनबाईंना पाठवला आहे. सोबत खुर्चीच्या कडेचाही फोटो, शेजारी टेप धरून. आणि खाली लिहिलं आहे, की जखम आमच्या खुर्चीची आहे, घर योग्य आहे, मुलीला तिच्या आईकडे पाठवावं. उंबऱ्यासाठी आणि मोरीसाठी मदत द्यावी, आणि आईच्या हाताखाली रोजची एक बाई ठेवावी. या शेवटच्या गोष्टीवर मी अडून बसणार आहे. प्रेमाने कंबर धरायची थांबत नाही. ठसक्याचंही तसंच आहे. हाताने खाऊ दे, पण मान पुढेच हवी. त्यात तुझ्या सासूबाईंचंही मी ऐकणार नाही.

आज दुपारी जेवण झाल्यावर मी एक केलं, ते तुला सांगतो. इतक्या वर्षांत इथे प्रत्येक गोष्ट आम्ही तिच्या डोक्यावरून बोललो. डॉक्टर माझ्याशी, मी केशरबाईशी, हेलनबाई कागदाशी. मी खाली फरशीवर बसलो. तिच्या डोळ्यांच्या खाली माझं तोंड आलं, असा पहिल्यांदाच बसलो असेन. आणि विचारलं, "ज्ञाना, आईकडे जायचं?"

तिने लगेच वर पाहिलं.

मला वाटलं, स्नायू. म्हणून उलट विचारलं, "इथे राहायचं?" तिने डोळे मिटले. मी पुन्हा पहिला प्रश्न विचारला. वर पाहिलं. या वेळी हसलीसुद्धा, म्हणजे मला वेड्यात काढत होती बहुतेक. मग मी तिला काहीबाही विचारत सुटलो. पाणी हवं? पट्टा टोचतो? तो रेडिओ तुला आवडतो का? नाही आवडत म्हणे. केशरबाई रोज लावते.

आठ वर्षं, रेश्मा. ती उत्तरं देत होती.

रविवारी तिला घेऊन येतो. दुपारच्या आत पोचेन. खुर्ची आणणार नाही. नवा साचा घ्यायचा की नाही ते तुम्ही मायलेकी ठरवा.

एक प्रश्न मी तिला आज विचारला नाही. मामाने मधूनमधून भेटायला यावं का, हा. इथे विचारला तर ती मला बरं वाटावं म्हणून वर बघेल, अशी शंका आली. तिचं आता काही सांगता येत नाही. तेव्हा तिथे विचारीन. ती तुझ्या मांडीवर असेल, मी अंगणात उभा असेन. डोळे मिटले तर तू तिला समजावत बसू नकोस.

दादा